लोक्री लोकांचा कायदा

त्या गृहस्थांचे नाव विचारण्याचे मला सुचले नाही. साठच्या दशकातील एका रविवारी, मद्रासच्या टी. नगरला जाणाऱ्या बसमध्ये ते माझ्या शेजारी प्राचीन ग्रीसचा इतिहास वाचत बसले होते. पान संपले की अंगठ्याने मिशी दाबत. मी मराठी मंडळाच्या सभेत मांडायचा माझा ठराव पुटपुटत होतो: मंडळात तमिळ बोलणाऱ्यास कॉफी मिळू नये.

त्यांनी पुस्तक मिटले. "लोक्री म्हणून लोक होते, राव," ते तंजावरी हेल काढून म्हणाले. "नवा कायदा मांडणाऱ्याने गळ्यात फास घालून उभे राहायचे. सभेला पटला नाही, की तिथेच आवळायचा."

"मग कायदे मांडी कोण?"

"अय्यो, कोणीच नाही! म्हणून तर सुखी होते." मग माझ्या टायकडे सौम्यपणे पाहत म्हणाले, "तुम्ही फास घरूनच आणलात, बरे केलेत."

सभेत माझे नाव पुकारले गेले, तेव्हा सारे तमिळमध्ये खळखळून हसत होते. या मतासाठी आपण किती सोसू, असे मी स्वतःस विचारले. उत्तर फारसे भूषणावह नव्हते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सगळ्यांना कॉफी पोचली ना?"