कंपनीचं सामान

ओडील वर्दां यांनी बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ खाडीच्या, काठच्या पोरांची शाळेची बस हयातभर चालवली. आरशात न बघता मागच्या बाकावरच्या पोराला "खाली बस" म्हणायची त्यांची हातोटी होती. त्या निवृत्त झाल्या, आवाज काही झाला नाही.

वादळात त्यांचं छप्पर उडालं. विम्यातून नवं बसलं, आणि पाठोपाठ विमा कंपनीने घरविम्याचे हप्ते दुप्पट करायला राज्याच्या विमादर मंडळाकडे परवानगी मागितली. घरावर बँकेचं कर्ज, आणि त्याला विम्याची अट; विमा सुटला तर घर जाणार. आणि दुप्पट हप्ता पेन्शनीत बसत नव्हता.

राजधानीत, बॅटन रूजला, झालेल्या सुनावणीला ओडीलबाई शेजारच्या आल्सीदच्या कोळंबीच्या ट्रकमधून गेल्या. कंपनीचा वकील मवाळपणे म्हणाला, "वाढ नाकारलीत, तर नाइलाजाने आम्हाला राज्य सोडावं लागेल."

सभागृहातल्या सगळ्यांना हीच तर भीती होती.

ओडीलबाई उठल्या. "जायचंय? जा ना बाबा! सामानाची काळजी नको. दर वादळानंतर आम्ही एकमेकांची घरं रिकामी करतो. हात बसलाय आमचा!"

लोक असे हसले की अध्यक्षांनाही हातोडी आपटायचं भान राहिलं नाही. कंपनीने मागितलेल्या वाढीतली जेमतेम पाव वाढ मंडळाने मंजूर केली.

कंपनी खरंच निघाली. गावातलं ऑफिस बंद व्हायच्या दिवशी ओडीलबाई आल्सीदला, त्याच्या ट्रकला आणि गम्बोच्या, म्हणजे कोळंबीच्या दाट रश्श्याच्या, पातेल्याला घेऊन हजर. दारात कंपनीचा एजंट लायनेल उभा होता, त्यांच्याच बसमधून शाळेत गेलेला.

"मावशी, तुम्ही खरंच आलात?"

"शब्द दिला होता. कपाट गुडघ्यातून उचल, कंबरेतून नको."

आल्सीद पुटपुटला, "आता विमा कोण देणार तुला?"

"ज्यांना कुणी घेत नाही, त्यांच्यासाठी सरकारी विमा आहे की. महाग आहे, पण दुप्पट नाही. हप्त्यासाठी नवऱ्याची होडी विकलीय मी. घर नाही विकणार."

शेवटी एक जुनं टेबल उरलं.

"हे कंपनीचं?"

"नाही, माझं," लायनेल खाली मान घालून म्हणाला. "आता काय करू त्याचं?"

"माझ्या ओसरीवर उतरव. सरकारी विमा तुला काढून देता येतो ना?"

"येतो."

"मग उद्यापासून तिथे बस. पहिला माझा काढ."