साडेतीनची भानामती

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात दुपारी साडेतीन वाजता कपडे आपोआप जळू लागले.

पहिला मान माझ्या बनियनचा. बायकोनं, म्हणजे सुमननं, दोरीवरून काढलं तर छातीवर चार आण्याएवढं गोल भोक, कडा काळ्याभोर. (भोकं माझ्या बनियनला नवीन नव्हती, पण इतकी गोल कधीच पडली नव्हती.) दोन दिवसांनी उशीच्या अभ्र्याला तसंच भोक. आसपास चूल नाही, माणूस नाही, वारासुद्धा नाही. नुसतं पांढरं ऊन आणि जळक्या सुताचा वास.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आगीची कारणं दरवर्षी फळ्यावर लिहून देई: भडकलेला स्टोव्ह, उघडी वायर, न विझवलेली बिडी. तेव्हा तपास शास्त्रीय पद्धतीनं झाला! स्टोव्ह न्हाणीत हलवला, फ्यूज काढून ठेवला, काडेपेटी कपाटात कुलूपबंद केली. सुमनला चहा करायचा तर माझ्याकडे अर्ज करावा लागे. शेवटी चंद्राआत्याचा मिसरी भाजायचा तवाही जप्त केला.

चंद्राआत्या ही माझ्या वडिलांची बहीण. रेणापूरकडच्या तिच्या खेड्यात विहिरींनी तळ दाखवला, म्हणून पंधरवड्यापूर्वी मीच तिला घेऊन आलो होतो. आल्या आल्या तिनं आमचा नळ सोडून पाहिला. नळ फुस्स म्हणाला.

"जिल्हा आला म्हणं. पाणी कवा येणार?"

मग माझं दाढीचं पाणी मोरीत जातं हे तिनं पाहिलं. "भाईर बसून कर की! लिंबोणीला तेवढंच पाणी." हुकूम सुटला. तेव्हापासून मी कपड्यांची दोरी बांधलेल्या खांबालाच आरसा टांगून, सकाळचं ऊन तोंडावर घेत दाढी करत असे. दाढी झाली तरी आरसा तिथंच टांगलेला राही. चांगला होता, एकेक केस दोरखंडाएवढा दाखवायचा.

घरातली सगळी आग कुलपात गेली आणि तिसऱ्याच दिवशी दोरीवरच्या आत्याच्या गोधडीनं पेट घेतला! मी घागर उचलली.

"पाणी टाकू नगा! प्यायचं हाय!" सुमन ओरडली.

गोधडी आम्ही चपलांनी बडवून विझवली. आत्या ती मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्या आईचं लुगडं त्यात शिवलेलं होतं.

शेजारच्या वहिनी भिंतीवरून डोकावल्या. त्यांचे यजमान नांदेडहून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदलून आलेले. "भाऊजी, ही भानामतीच! उदगीरला माझ्या मावशीच्या घरी असंच जळत होतं. कधीपासून चालू झालं?"

"आत्या आली त्याच आठवड्या..." मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

आत्यानं जळक्या गोधडीची घडी घातली आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाठोडं बांधलं. "पाचच्या यष्टीनं जाते. माझ्यापायी तुमचं घर जळाय नको." तिच्या गावात प्यायला घोटभर पाणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून 'जाऊ नको' निघेना, कारण मला भीती वाटत होती. त्याची लाज अजून जात नाही.

वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी आमच्या घरातले अंगारेधुपारे संपले होते. आणि त्याच घरात मी, विज्ञानाच्या मास्तरानं, आदल्या संध्याकाळी दारामागे लिंबू-मिरची टांगली होती. (प्रयोग म्हणून!)

साडेतीनला मी अंगणात पहाऱ्याला बसलो. आत्या गाठोड्याला टेकून. गल्ली चिडीचूप, कावळासुद्धा ओरडेना. दोरीच्या टोकाला माझी विजार लटकत होती, जराही न हलता. आणि बघता बघता तिच्या गुडघ्यातून धुराची बारीक रेघ निघाली. जवळ कुणी नाही. विजार आपली आपणच बिडी ओढल्यासारखी धूर सोडत होती.

मी किंचाळलो, घरात पळालो आणि आतून कडी लावली. आत्या बाहेरच राहिली, हे कडी लावल्यावर लक्षात आलं.

फटीतून पाहिलं. आत्यानं विजार चुरगाळून विझवली आणि धूर निघाला होता तिथं तळहात धरला. "अगं माय! हितंच ऊन लई चावतंय." तळहातावर झगझगीत ठिपका नाचत होता. तिनं मान वळवली, खांबापाशी गेली आणि आरशावर पदर धरला. विजारीवरचा ठिपका गेला. पदर काढला, ठिपका परत!

"मास्तर, भाईर ये. ह्यो कसला आरसा म्हणायचा?"

"अंतर्गोल," मी कडी काढत म्हणालो. "साडेतीनचं ऊन थेट त्यात पडतं, ते किरण एका ठिकाणी गोळा करतो."

"तुला ठावं हुतं?"

"नववीला शिकवतो. अकरा वर्षं झाली."

आत्यानं माझ्याकडून किल्ली मागून घेतली, आरसा कपाटात काडेपेटीशेजारी ठेवला, स्वतःचा तवा बाहेर काढला आणि किल्ली कमरेला खोचली. मग गाठोडं सोडून जळकी गोधडी शिवायला बसली. पाचची यष्टी गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्याशेजारी बसून सुई ओवून देऊ लागलो. दोरा ओढता ओढता तिनं दाराकडं पाहिलं.

"आन् त्या दारामागचं लिंबू? त्ये कितवीला शिकवतूस?"