सेलू नावाचं अत्तर

"भजे लपवायलेत हे लोकं! आमच्यापासून भजे लपवायलेत!"

वालूरच्या मांडवात नवरदेवाचे काका किसनराव असे ओरडत होते की वाजंत्रीवाल्यांनी सनई खाली ठेवली. त्या लग्नात भजे नव्हते. मेनूत नव्हते, कढईत नव्हते, आचाऱ्याच्या मनातसुद्धा नव्हते. होतं ते फक्त माझं अत्तर.

सेलूच्या बाजारात आमचं अत्तराचं दुकान निजामाच्या काळापासून आहे. (पणजोबांनी एकदा हैदराबादच्या एका नवाबाच्या हत्तीला केवडा लावला. तो हत्ती पुन्हा जन्मात चिखलात बसला नाही, असं आमच्या घरात सांगतात. म्हणजे मीच सांगते.) दुकानाच्या गादीवर बसायचा कायदा मात्र कडक. ज्याला बसायचंय त्यानं स्वतःचं एक नवं अत्तर करायचं. कुपी बंद केली की करणाऱ्यानं ते पुन्हा हुंगायचं नाही. पुढं घरातल्या लग्नात पाहुण्यांच्या हाताला लावायचं, आणि एखाद्या परक्यानं आपण होऊन विचारलं, "कोणतं अत्तर हाय हो हे?" की गादी त्याची! आजोबांनी गुलाबावर गादी जिंकली, माझ्या वडलांनी, आप्पांनी, हिन्यावर.

मी जाहीर केलं, "आप्पा, मी आख्खं सेलू बाटलीत भरणार!"

"गटारीसकट?"

"गटार सोडून!"

मग आमच्या तांब्याच्या देगेत मी गावातला एकेक वास उकळला आणि त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवली. जिनिंगमधला ताजा कापूस, बाजारातला मोगरा, स्टेशनवरचा चहा आणि शेवटी आपली गंमत म्हणून स्टेशनसमोरच्या गाड्यावरच्या मिरची भज्यांचा एक घाणा. एकच. फार तर दोन. (बरं, चार! मधे मी खाल्ले ते वेगळे.) कुपीला बूच लावलं तेव्हा वास असा नाजूक होता की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पुढं ती कुपी फडताळात महिनोन् महिने मुरत राहिली. आत कापूस जगला का मोगरा मेला, कळायला मार्ग नव्हता. कायदा!

चुलतबहीण शैलाचं लग्न ठरलं, चुलत्यांच्या गावी, वालूरला. वऱ्हाड चारठाण्याचं. मी अत्तरदाणी घेऊन मांडवाच्या दाराशी उभी राहिले, पण वऱ्हाड येईचना! सकाळी आमच्या लोकांनी किसनरावांच्या आधी त्यांच्या ड्रायव्हरला फेटा बांधला होता. (ड्रायव्हरच जास्त भारदस्त दिसत होता, आमचा काय दोष?) किसनराव जानवशात भिंतीकडं तोंड करून बसले.

"मी हलत न्हाई. अन् मी न्हाई तर नवरदेव बी न्हाई!"

चुलते हात जोडून आले, मामा पाया पडून आले. काकूनं तर रडायलाच सुरुवात केली. सगळ्यांना लग्नाची काळजी, मला गादीची! वऱ्हाडच आलं नाही तर परका माणूस आणायचा कुठून? मी अत्तरदाणी उचलली आणि थेट जानवसा गाठला.

"काका, रुसवा राहू द्या. हात तरी पुढं करा."

अत्तराला नाही म्हणता येत नाही. त्यांनी भिंतीकडं बघतच हात मागं केला. मी श्वास रोखून बोळा फिरवला. किसनरावांनी तोच हात रागारागानं मिशीवरून फिरवला आणि एकदम थांबले.

"कुठं तळायलेत?"

"काय, काका?"

"मला येडं समजती का? मिरचीचे हायेत. ओवा बी हाय त्यात!"

उठले ते अनवाणीच! वास मिशीत बसलेला, त्यामुळं जातील तिकडं भजे! मागं नवरदेव, मागं आख्खं वऱ्हाड, त्याच्या मागं अत्तरदाणी घेऊन मी. मांडवात येऊन त्यांनी ती आरोळी ठोकली आणि स्वयंपाकाकडं धाव घेतली. आमचे गुरुजी हुशार. त्यांनी नवरदेवाला धरून पाटावर उभं केलं, मंगलाष्टकं चालू! किसनराव तिकडं एकेक पातेल्याचं झाकण उघडत होते, इकडं अक्षता पडून शैला सासरची झाली.

"मालक, भजे न्हाईतच मेनूत," आचारी कळवळून सांगत होता.

"मग ह्यो वास कुठून यायलाय?"

आचाऱ्यानं बिचाऱ्यानं किसनरावांना जवळून हुंगलं. "मालक, भजे तुमच्या मिशीत हायेत."

किसनरावांनी हात हुंगला. मिशी हुंगली. पुन्हा हात हुंगला. मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, कोणतं अत्तर हाय गं हे?"

विचारलं! परक्यानं, आपण होऊन, सगळ्या मांडवासमोर! मी अत्तरदाणीसकट उडी मारली, थोडं अत्तर माझ्याच मनगटावर सांडलं. "सेलू, काका! सेलू!" किसनराव पोट धरून हसले, हात पुढं करायला वऱ्हाडाची रांग लागली, आणि पंगतीला भजे पाहिजेच म्हणून आचारी मुकाट बेसन कालवायला बसला.

आप्पांनी कमरेची दुकानाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती मुठीत घट्ट धरली. म्हटलं, "आप्पा, आता तरी सांगा, कसं जमलंय?"

आप्पांनी माझं मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, जुन्या अत्तारासारखा लांब श्वास घेतला आणि म्हणाले,

"मीठ कमी हाय."