जास्वंदीचं पुण्य

तुळशीला पाणी घालताना अन्नपूर्णाबाईंची नजर हटकून कुंपणापलीकडे जायची, आणि स्तोत्राची एखादी ओळ गळायची.

पलीकडे धाकट्या जावेची, सरोजाची, जमीन. ओरगडम गावाजवळ दोघींच्या नवऱ्यांच्या वाट्याला सारखाच अर्धा अर्धा एकर आला होता. अन्नपूर्णाबाईंनी घरापुरती जागा ठेवून आपला वाटा विकला. तिथे आता कारखान्याचे ट्रक उभे असत. सरोजानं मात्र भाताची लावणी बंद केली. फणस, शेवगा, पपई, केळी, त्यांच्या सावलीत हळद, असं रानच उभं केलं आणि फाटकाचं कुलूप काढलं. कुणीही यावं, दोन हंडे पाणी घालावं, लागेल तेवढं तोडून न्यावं.

सगळा गाव 'सरोजाम्मा, सरोजाम्मा' करू लागला. शेवग्याच्या शेंगा घेऊन कुणी दारावरून गेलं की अन्नपूर्णाबाईंच्या पोटात दुखायचं.

"थोरली मी, आणि अम्मा ती!"

"मग तुम्हीही जा की पाणी घालायला," सून विद्यालक्ष्मी म्हणायची.

"माझी चप्पलसुद्धा जायची नाही तिथे!"

दर शुक्रवारी देवीला लाल जास्वंद लागे. ती अन्नपूर्णाबाई दारावर येणाऱ्या फूलवालीकडून विकत घेत. फुकटचं फूल वाहिलं की अर्धं पुण्य झाडाच्या मालकाला जातं, अशी त्यांची समजूत; आणि सरोजाला वाटायला त्यांच्याकडे पुण्य उतू जात नव्हतं.

नवरात्रातल्या शुक्रवारी नेमकी फूलवाली आली नाही. कुंपणापलीकडे जास्वंद नुसती लालेलाल. शेवटी झक मारत त्या फाटकातून आत गेल्या.

"या अक्का! तोडा ना," सरोजा म्हणाली.

"तोडते. पण पुण्य कुणाचं?"

सरोजाला हसू आलं. "माझं कुठलं? पाणी घालेल त्याचं. या झाडाला महालक्ष्मी घालते, मागच्या गल्लीतली."

"आज घातलं?"

"अजून यायचीय ती."

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला. एक हंडा, दोन, चार.

"अक्का, पुरे! मुळं कुजतील."

"तू गप्प बस."

पाचवा ओतून मगच त्यांनी फूल तोडलं.

देवीपुढे जास्वंद छान खुलून दिसत होती. अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले. मनात मात्र एकच: उद्या महालक्ष्मी आधी पोचली तर?

दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावायच्या आधीच त्या फाटकात हजर. जास्वंदीला पाणी घालून त्या फणसाकडे वळल्या. सरोजा फणसाचं आळं नीट करत होती.

"याला कोण घालतं पाणी?"

"मीच, अक्का."

"सरक," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आजपासून मी."