निळ्या वेणीचे बागसाहेब

बागसाहेब दोन फुलांचं लग्न लावायला उभे राहिले की आधी पायांतल्या वहाणा काढत. एका आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, पराग काडीच्या टोकावर घेऊन दुसरीच्या फुलात ठेवायचा, एवढंच काम. पण तेव्हा कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. "आपण लग्न लावायचं. संसार त्यांचा," म्हणत.

जव्हार संस्थानाच्या बागेचे ते अधिकारी. मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा. जामसरच्या रानात झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी नावाची आमरी फुलते, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लोंबते तुरे. वादळात पडलेल्या फांदीवरची एक वेणी जानी नावाच्या वारली बाईनं त्यांना आणून दिली. आसामहून मागवलेल्या निळ्या आमरीचा पराग त्यांनी तिच्यावर ठेवला. त्यांना निळी वेणी हवी होती. शेंग धरली. आतलं बी पिठासारखं, मातीत न रुजणारं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चिनी गवताची, म्हणजे अगर-अगरची, खळ शिजवून बाटल्यांत भरत आणि साहेब त्यावर बी पेरत. दोघांना मूलबाळ नव्हतं. वहिनी म्हणत, "निळी झाली की पहिली मी माळणार हो!"

रोपं बोटभर झाली आणि संस्थान विलीन झालं. नवे साहेब आले. रोपं ठेवलेलं बागेतलं काचघर त्यांना सामान ठेवायला हवं होतं. ते वाईट वागले नाहीत, नुसतं विचारलं, "पण हे कोणत्या खात्यात बसतं?" भर वैशाखात कुंड्या उघड्यावर निघाल्या. जगली तेवढी रोपं त्यांनी टोपलीत घालून घरी आणली आणि न्हाणीच्या ओल्या भिंतीशी टांगली. बहुतेक गेलीच. निळ्या वेणीचं एक उरलं, ते वहिनींनी तांदळाचं धुवण शिंपडून जगवलं.

पुढच्या एका श्रावणात वहिनींना ताप भरला. डॉक्टर मोखाड्याला गेलेले, मध्ये ओढ्यांना पूर. ते पोचले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर साहेब न्हाणीकडे फिरकेनात. पाणी मीच घालत राहिलो.

झाडाला तुरा आला तो आणखी काही वर्षांनी. मी त्यांना हाताला धरून नेलं. रंग निळा नव्हता. धुतलेल्या शाईच्या डागासारखा होता. वास नाही. जानी लाकडाची मोळी विकायला आली होती, तिनं वाकून पाहिलं. "आयशीवर नाय गेला, बापावर बी नाय."

मी घाईनं म्हणालो, "वहिनींचं नाव देऊ या."

"थांबा मास्तर. बी धरू दे."

त्याच तुऱ्यातला पराग त्यांनी त्याच्याच फुलांवर ठेवला. रोज सकाळी जाऊन बघत. एकेक फूल सुकलं, देठासकट गळलं. शेंग एकही धरली नाही. रिकामी दांडी बोटांत धरून ते म्हणाले, "ह्या घरातून पुढे काही जायचं नाही, मास्तर."

दिवाळीनंतर त्यांचे धाकटे भाऊ त्यांना नाशिकला न्यायला आले. एस.टी.त बसताना साहेबांच्या हातात फक्त एक वळकटी होती.

"झाड?" मी विचारलं.

"राहू दे. तिच्या हातचं आहे. तिकडे माझ्या मागे ते परक्यांच्या दारात मरेल."

गाडी सुटली. होळीच्या आधीच ते तिकडे वारले. झाड मात्र त्या उन्हाळ्यातही फुललं. शाळेतल्या मुलींनी विचारलं, "गुरुजी, ह्या फुलाचं नाव काय?"

"अजून ठेवलेलं नाही," म्हणत मी झारी उचलली.