कुलूपबंद टिपणं

घरातल्या धाकट्याला सगळे टिपकागद म्हणत. कानावर पडेल ते टिपून ठेवायची त्याला शाळेपासूनची खोड. चाळिशीला टेकेपर्यंत खिशातल्या चिठोऱ्यांना तो इतका विटला, की एका मित्राला भागीदार घेऊन त्याने टिपणं ठेवायचं अ‍ॅपच करायला घेतलं. शिंप्याच्या दुकानावरची खोली, दोन टेबलं, आणि कोपऱ्यात मोरी. भागीदार उष्टे कप तिथे टाकून जाई, आणि ते धुवायचे टिपकागदाने.

टिपणं कोणत्या फाइलीत ठेवायची, यावर दोघांचं पहिल्यापासून वाजलं. टिपकागद म्हणे, "साध्या अक्षरांची फाइल ठेवू. आपण असू-नसू, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल." भागीदाराला आपल्याच अ‍ॅपला कळेल अशी बंद फाइल हवी होती. शोध झटपट लागतो, हे त्याचं पालुपद. वाद मिटावा म्हणून टिपकागदाने तशी एक करून दाखवली. मजकूर आत कोंबायचं काम पुरं केलं. पुन्हा साध्या अक्षरांत बाहेर काढायचं नंतर लिहू म्हणून ठेवून दिलं.

अ‍ॅप वापरून बघणाऱ्यांत त्याची वहिनी पहिली. सासूच्या अखेरच्या दुखण्यात तिने त्यात रोज लिहिलं: गोळी किती वाजता दिली, आई काय बोलल्या, प्रार्थनेत देवाजवळ काय मागितलं. महिना संपला की ती फाइल छापायची आणि पानं दोऱ्याने शिवून ठेवायची.

या खेपेला ती कागद घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. पानभर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"भावजी, आईंचा शेवटचा महिना होता हो यात."

भागीदाराने बंद फाइलीची आवृत्ती न विचारता सगळ्यांना पाठवून दिली होती. टिपकागद तडक खोलीवर गेला आणि ते कागद त्याच्यापुढे टाकले. भागीदार चहात बिस्किट बुडवत होता.

"अ‍ॅपमध्ये दिसतंय ना? मग छापायचं कशाला?"

"उद्या तिला दुसरं अ‍ॅप घ्यावंसं वाटलं तर?"

"तेच तर. सगळं आपल्याकडे अडकल्यावर माणूस जातो कुठे? त्यात आईबिईची टिपणं असली, की मेल्याशिवाय सुटत नाही." कपाच्या तळाला विरघळलेलं बिस्किट त्याने बोटाने खरवडलं आणि बोट चाटलं.

टिपकागदाला त्या बोटाची शिसारी आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची. कुलूप त्यानेच घडवलं होतं, आणि किल्ली आळसाने उद्यावर टाकली होती.

तो बसला आणि दुपार मोडून मजकूर बाहेर काढायचा प्रोग्राम लिहून काढला. वहिनीला पाठवला, मग अ‍ॅप वापरणाऱ्या प्रत्येकाला.

"तू काय केलंस कळतंय का तुला?" भागीदार म्हणाला. "एक जण टिकायचा नाही आता."

"ज्यांना राहायचंय ते राहतील. मी नाही राहत." त्याने आपला कप पिशवीत टाकला. मोरीतल्या बाकीच्यांना हात लावला नाही.

घरी येऊन त्याने आधी हात धुतले. वहिनी ताजी पानं शिवत बसली होती. "ऐका भावजी, या दिवशी आई म्हणाल्या, टिपकागद जेवला का विचार."

"ठेव. मग वाचतो," म्हणत तो आत गेला आणि साबण लावून दुसऱ्यांदा हात धुऊ लागला.