वीतभर भेग

गोंदियाहून तिरोड्याची बस सुटली आणि आईचा फोन आला. "पान्याजवळ जाऊ नोको, बाई." मी म्हटलं, "नाही जात." खरं तर मी पाण्याकडेच चालले होते.

आम्ही केशोरीचे, धानवाले. बांधीतलं (धानाच्या शेतातलं) पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत येतं. त्याहून खोल पाण्यात मी कधी उतरलेले नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सरांनी 'एक स्थानिक व्यवसाय पाहून लिहा' म्हटलं, तेव्हा मला काही सुचेना. रूममेट मनीषा म्हणाली, "चोरखमाऱ्याला माझ्या आत्याकडे जा. मासेमारी सुरू व्हायची आहे, डोंग्याची (लहान लाकडी नावेची) दुरुस्ती चालू असेल."

तिरोड्याहून ऑटो केला. दोन्ही बाजूंना धान लोंब्यांवर आलं होतं. ते दिसत होतं तोवर मन शांत होतं. मग तलावाच्या पाळीवर (बांधावर) चढले आणि तिथेच थांबले. पलीकडचा काठ दिसतच नव्हता, फक्त टेकड्यांची निळसर रेघ. इतकं पाणी एका जागी मी पहिल्यांदाच पाहत होते.

डोंगा काठावर विटांवर पालथा घातलेला होता. मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, चुलीवर राळ आणि तेल कढवत होते. दुर्गाआत्या दाभणाने शीड शिवत होत्या. शीड म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचा जुना फ्लेक्स. नवरदेवाचं तोंड अर्धंच उरलं होतं.

"तूच का ते कालेजवाली?" आत्यांनी विचारलं. "पोवता येते?"

"नाही."

"मंग काठावर बसून का लिवशील?"

मामाजी हसले. "बिचारीले भेव (भीती) नोको दाखवू. इकडे ये पोरी. डोंग्याच्या खाली सरक आन् सांग, उजेड कुठून येऊन राहिला?"

मी सरपटत आत गेले. आत अंधार होता आणि फळ्यांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या. सात-आठ तरी असतील. याच डोंग्यात ही माणसं बसतात, या विचाराने मी त्या पुन्हा मोजल्या.

कापसाची वात वळायची, राळेत भिजवायची आणि पटाशीने (बोथट छिन्नीने) ठोकून भेगेत बसवायची, एवढंच काम. मला एक भेग दिली. ठोकता ठोकता आत्या सहज बोलाव्यात तसं बोलल्या, "मागच्या साली डोंगा मधात पान्यानं भरला. लुगडं पायात अटकलं. घंटाभर पालथ्या डोंग्याले धरून होतो आमी दोघं. तवापासून मी बसली नाही त्याच्यात. पन जाळं एकट्यानं नाही ओढत ना. उद्या बसाव लागते."

माझी भेग भरून झाली. आत्यांनी वाकून पाहिलं. "शाबास! पोरगी कामाची निघाली वो!" माझ्या वडिलांनीही मला असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

मग मामाजींनी मला पुन्हा खाली पाठवलं. सगळ्या रेघा गेल्या होत्या. फक्त माझ्या भेगेत, टोकाला, वीतभर उजेड होता. केसासारखा बारीक. राळेचं भांडं तर रिकामं झालेलं. "दिसते का काही?" बाहेरून आत्यांनी विचारलं.

"काही दिसत नाही," मी म्हटलं.

असं का म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. मामाजींनी सगळ्यावर डांबर फासलं आणि माझी रेघ त्याखाली गेली. संध्याकाळी आत्यांनी भात आणि झिंग्यांचं (गोड्या पाण्यातल्या लहान कोळंबीचं) कालवण वाढलं. चव छान असावी. मी दोन घासांवरच उठले. डांबराने भागेल, असं मी मनाला सांगत राहिले.

सकाळी डोंगा पाण्यात लोटला. मी वही घेऊन दगडावर बसले, तर मामाजींनी हाक मारली. "चाल न पोरी! ज्यानं भेग भरली, त्यानं पयल्या फेरीत तिच्यावर बसाचं. माह्या बापाची रीत हाय."

वही दगडावरच ठेवून मी बसले. मामाजी मागे, मध्ये मी माझ्या भेगेवर, आणि पुढे आत्या. त्यांनी दोन्ही हातांनी डोंग्याची कड घट्ट धरली होती. डोंगा हलला. काठ दहा हात मागे गेला, मग वीस हात. आत्या मागे न पाहता म्हणाल्या, "तू पाह्यलंस म्हनून बसली मी."

"थांबा," मी म्हटलं. वल्हं चालूच होतं. पुन्हा म्हटलं, "मामाजी, थांबा. माझ्या खाली उजेड होता. काल. वीतभर. मी सांगितलं नाही."

वल्हं थांबलं. मामाजींनी डोंगा वळवला. परतीचे ते वीस हात मला संपता संपेनात.

काठावर डोंगा पालथा केला. मामाजींनी तिथलं डांबर खरवडलं आणि पटाशीचं टोक लावलं, तर ते सरळ आरपार गेलं. आत्या त्या टोकाकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"काल काऊन नाही बोललीस?"

"तुम्ही शाबास म्हटलं होतं."

"शाबासकी भर त्या भेगेत. पाह्य मंग डोंगा तरंगते का!" त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली. "घे. तूच भर."

मामाजींनी नवी राळ कढवली आणि मी भेग भरली. खाली सरकून पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हटलं, "अजून आहे. थोडी." मामाजींनी आणखी वात दिली. पुन्हा भरली, पुन्हा खाली गेले. बराच वेळ पाहिलं. "आता अंधार आहे," मी म्हटलं. आत्या स्वतः खाली आल्या, माझ्या शेजारी आडव्या झाल्या आणि वर पाहत राहिल्या. "हाय, अंधार हाय," त्या म्हणाल्या.

पुन्हा फासलेलं डांबर धरायला दुपार झाली. मग आम्ही तिघं पुन्हा निघालो. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. मी तळवा बुडाखालच्या फळीवर दाबून धरला. मधोमध आल्यावर मामाजींनी शीड चढवलं. नवरदेवाचा अर्धा गाल वाऱ्याने फुगला. एरवी मला हसू आलं असतं. तेवढ्यात दिसलं, आत्यांचाही तळवा त्यांच्या फळीवर होता.

"वलं हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमचं?"

"कोरडं."

थोड्या वेळाने आत्यांनी पुन्हा तेच विचारलं. परत काठाला लागेपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. उतरल्यावर आत्यांनी मला शाबास म्हटलं नाही. माझ्या पिशवीत सुक्या झिंग्यांची पुडी कोंबली आणि म्हणाल्या, "जाळं टाकाले येजो."

तिरोड्याहून परतताना बसमध्ये आईचा फोन आला. "पान्याजवळ गेली नाहीस ना?"

मी सीटवर तळवा टेकवला.

"गेले होते, आई," मी म्हटलं. "अगदी मधोमध."